उतरून चालणारी माणसे

पांढरकवड्याच्या जुन्या रस्त्याच्या डाव्या अंगाला आता एक हिरवा पट्टा आहे. तो बसस्थानकापाशी सुरू होतो, कापडाची आणि भांड्यांची दुकाने ओलांडतो, पीठगिरणीपुढून जरासा वळतो आणि तहसील कचेरीच्या फाटकाशी, कडुनिंबाच्या सावलीत संपतो. दोन सायकली शेजारून गेल्या तरी हँडलला हँडल लागू नये, एवढीच त्याची रुंदी. कडेने पांढरी रेघ आहे आणि मधून मधून सायकलीचे चित्र. रंगवणाऱ्याने चाके किंचित लांबट काढली आहेत, त्यामुळे ती सायकल जागच्या जागी घाईत असल्यासारखी वाटते. सकाळी झाडणे झाले की हिरव्या रंगावर खराट्याचे ओरखडे राहतात. त्या वेळी, दुकाने उघडण्याआधी, मी तेथे सायकल चालवते.

चालवते म्हणताना मला संकोच होतो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर, नागपूर सोडून गावी परतल्यावर मी सायकल शिकले. या वयात शिकलेली गोष्ट आपली म्हणवत नाही. पाहुण्यासारखी ती कधीही उठून जाईल असे वाटत राहते.

त्या पट्ट्यावरून जाताना मला डिझेलचा वास येतो. वस्तुतः तो आता तेथे नाही. नागपूर-हैदराबाद महामार्ग गावाबाहेरून गेला आणि ट्रकही त्याच्याबरोबर गेले. पण माझ्या लहानपणी हाच रस्ता महामार्ग होता आणि आमचे घर त्याच्या काठावर होते. ट्रक गेला की ताटातल्या वरणावर बारीक वलये उठत. मांडणीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणत आणि आई पोळी लाटता लाटता, मान वर न करता, सवयीने म्हणत असे, "गेला." ट्रकच्या मागच्या फळ्यांवर तेलुगू अक्षरे असत, गोल गोल, जिलेबीच्या कढईतून काढल्यासारखी. ती मला वाचता येत नसत, म्हणून फार आवडत.

त्या रस्त्याच्या अगदी कडेने, डांबर संपून मुरूम सुरू होतो त्या काठावरून, वडील सायकलवर कचेरीत जात. मी मागे कॅरिअरवर, कचेरीलगतच्या शाळेत जायला. कॅरिअरवर जुन्या सतरंजीची घडी बांधलेली असे आणि माझे पाय चाकात जाऊ नयेत म्हणून मी ते फाकवून धरीत असे. वडील तहसीलमध्ये कारकून होते. त्यांच्या पाठीला खोबरेल तेलाचा, शाईचा आणि कडक इस्त्रीचा वास येई. घोट्याशी पॅण्टला लावलेली क्लिप उन्हात चमके. समोरून ट्रक आला की ते मुरुमात उतरत, गेला की पुन्हा डांबरावर चढत. त्या चढ-उताराची एक लय माझ्या अंगात होती. डोळे मिटूनही मला कळे की आता पीठगिरणी आली, आता नाल्याचा पूल आला.

त्या वेळी आमच्या गावात सायकलवाल्या माणसांचा एक रिवाज होता. कोणी तो लिहून ठेवलेला नव्हता, शाळेत कोणी शिकवलेला नव्हता. रस्त्याने वडीलधारे माणूस पायी जाताना दिसले की त्याच्या मागून घंटी वाजवत पुढे निघून जायचे नाही. उतरायचे. सायकल हातात धरायची आणि वाटा फुटेपर्यंत त्याच्या चालीने चालायचे. माणूस समोरून येत असेल तर एक पाय टेकून मान लववली तरी चाले. पण वाट एकच असेल, तर उतरणे आलेच. मोठी माणसे म्हणत, "अरे जा ना, तुले उशीर होऊन राह्यला." त्या म्हणण्यावर जायचे नसे. तो बोलण्याचा भाग होता. खरोखर जा म्हणायचे असेल तर ती सायकलच्या सीटवर हलकेच थाप मारीत. ती थाप पडली की मोकळीक मिळाली असे समजायचे.

वडिलांना संध्याकाळी घरी यायला उशीर झाला, तर आई "काहून उशीर झाला" असे कधी विचारीत नसे. ती चहाचे आधण ठेवी आणि विचारी, "आज कोण कोण भेटलं?"

मग वडील हात-पाय धुता धुता सांगत. कोणाच्या मुलीचे ठरते आहे, कोणाच्या विहिरीला पाणी लागले, कोणाचा गुडघा दुखतो. गावाची सगळी खबर आमच्या घरात अशी पायी चालत येई.

काही ऋतू मला त्या कॅरिअरवरूनच आठवतात. कापूस फुटला की जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागे आणि रस्त्याच्या कडेला, बाभळींच्या काट्यांना, तारांना कापसाचे पुंजके लटकत. वडिलांच्या केसांत ते अडकत आणि कचेरीच्या फाटकाशी मी ते वेचून काढत असे. शिशिर सरता सरता जंगलाकडून पळस पेटत येई. त्यामागून मोहाचा तो जड, गोड, किंचित आंबूस वास. आठवड्याच्या बाजाराला कोलाम बाया पळसाच्या द्रोणांत चारोळी घेऊन बसत. उन्हाळ्यात डांबर वितळे आणि सायकलचे चाक त्यावरून जाताना चिकटपट्टी सोडवावी तसा आवाज करी. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीचा मडगार्डात असा गोळा बसे की चाक फिरेनासे होई. मग वडील सायकल खांद्यावर घेत, मी चपला हातात घेई आणि आम्ही दोघे चिखलातून चालत असू. त्या दिवसांत सायकलच आमच्यावर बसून जाई.

वडिलांच्या कचेरीत तेव्हा नवेच लागलेले एक तरुण कारकून होते. त्यांना आम्ही बापूकाका म्हणत असू; ते वडिलांना दादा म्हणत. त्यांच्याजवळ नवी कोरी सायकल होती, हँडलला दोन्हीकडून रंगीत झिरमिळ्या लावलेली. ते भरधाव यायचे. मागून त्यांची घंटी ऐकली की वडील हसून म्हणत, "आला बापू." पण आम्ही पायी असलो, सायकल नादुरुस्त असली, की तीच घंटी मागे कोठेतरी थांबे. मग ब्रेकचा करकर आवाज येई आणि बापूकाका आमच्या शेजारी सायकल हातात धरून चालू लागत. एकदा वडिलांनी त्यांच्या सीटवर थाप मारली तरी ते गेले नाहीत. म्हणाले, "आज मलेच जायचं नाई दादा. कचेरीत लवकर जाऊन करू काय?"

मी सायकल तेव्हाच का शिकले नाही, हे मला सांगता येत नाही. कोणी नको म्हटले नव्हते. माझ्या वर्गातली कमल शिकली होती. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येई, भावाच्या उंच सायकलवर, नळीखालून पाय घालून, वाकडी वाकडी होत. शाळेत सायकलवर येणारी ती पहिली मुलगी. मुले हसत. ती म्हणे, "हसा. आमचे आजे बैलाईवर मीठ लादून मुलूखभर फिरले. आमाले रस्त्याचं भ्या नाई." मी शाळेच्या फाटकाशी उभी राहून तिची वाट पाहत असे आणि ती दिसली की मलाच धाप लागे.

पुढे शाळा संपली, गाव सुटले. नागपुरात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी आयुष्य काढले. पुस्तकांच्या रांगांमधून चालताना कोणाला धक्का लागू नये, एवढीच काळजी घेत.

परतले तेव्हा वडिलांना जाऊन बरीच वर्षे झाली होती, रस्ता रुंद झाला होता आणि त्यावर हा हिरवा पट्टा आला होता. कमल भेटली ती त्या पट्ट्यावरच. अंगणवाडीतून निवृत्त झालेली, नातवंडांची आजी, पण सायकलवर तशीच ताठ. माझ्यापाशी येऊन तिने पाय टेकला.

"काय वं, अजून फाटकापाशीच उभी हायेस?"

त्याच आठवड्यात तिने मला दुकानात नेले. मी जांभळी, बुटकी, पुढे जाळीची टोपली असलेली सायकल घेतली. शिकवताना ती माझ्या मागे धावली नाही. पट्ट्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि ओरडत राहिली. "खाली कायले पाह्यतं? चाक पळून नाई चाललं. पुढं पाह्य!" मी पडले, तेव्हा तिला तिच्या बोलीतली आई आठवली. "ए याडी! ग्रंथपालबाई, पुस्तक असतं तं उचलून ठेवलं असतं, तुले कसं ठेवू?"

मला चालवता आले. मात्र दोन उणिवा राहिल्या. एक, सपाट रस्त्यावरून मला सायकलवर चढता येत नाही. त्यासाठी पायरी किंवा ओटा लागतो. पीठगिरणीचा ओटा मला सोयीचा आहे. दुसरी, पांढऱ्या रेघेबाहेर मला चालवता येत नाही. रेघ ओलांडून मोटारींच्या बाजूला गेले की हात गार पडतात आणि हँडल माझे राहत नाही. रेघेच्या आत मात्र मी साठीची नसते. तेथे वारा मुरुमाकडून आल्यासारखा येतो आणि कानांत ती चढ-उताराची लय वाजू लागते.

आणि त्या पट्ट्यावर सकाळी बापूकाका चालतात.

ते आता पुष्कळ म्हातारे झाले आहेत. हातात काठी, डोक्याला मफलर. पट्टा सपाट आहे, गाड्यांचा धक्का नाही, म्हणून तेथूनच चालतात. पहिल्या दिवशी मला त्यांची पाठ दिसली आणि काही ठरवण्याआधीच मी उतरले होते. उतरल्यावर लक्षात आले की जवळ ओटा नाही. मग तहसीलपर्यंत सायकल हातात धरून त्यांच्या चालीने चालले. दुसऱ्या दिवशीही तेच. मी एकटीच असे करते असेही नाही. भाजी आणणारे, शाळेचे शिक्षक, तांड्यावरून दूध घालायला येणारे, आमच्या वयाची सगळी माणसे कोणा ना कोणासाठी उतरलेली दिसतात. त्या वेळी पट्ट्यावर सायकली असतात, पण चालवणारे क्वचितच.

हेच पुढे अंगाशी आले.

बापूकाकांचा मुलगा गजू याचे याच रस्त्यावर विजेच्या सामानाचे दुकान आहे. तो लहान असताना त्याला मी माझ्या परकराच्या ओच्यातून बोरे दिलेली आहेत. एका सकाळी शटर उघडता उघडता त्याने मला थांबवले.

"ताई, राग नका मानू. पन हा पट्टा पुसाचं आमी पालिकेत लावून धरलं हाये. गिराईक गाडी कोठी लावीन? राजूरहून, वणीहून लोक येतेत, जागा नाई पाहून सिध्धे पुढं जातेत. माहा फ्रीज काय सायकलवर जाते काय?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मागून आलेल्या कमलने मात्र पाय टेकला.

"मागच्या दिवाळीले तुह्याइथून मिक्सर नेला मी, तो कशावर नेला रे?"

"काकू, मिक्सर वेगळा."

"पैसे वेगळे होते काय?"

गजू हसला, पण मागे हटला नाही. पालिकेने लोकांचे म्हणणे ऐकण्यासाठी शाळेच्या सभागृहात बैठक ठेवली होती. पट्टा ठेवायचा की पुसून गाड्यांना जागा करायची, हे तेथे ठरणार होते. कमल म्हणाली, "तुले बोलावं लागते." मला रात्रभर झोप लागली नाही असे नाही, पण सकाळी मी चार वाक्ये तयार केली, शुद्ध आणि व्यवस्थित, आणि चालता चालता ती पाठ केली. पट्टा पुसला गेला तर माझे सायकल चालवणे संपेल, हे मात्र त्या वाक्यांत कोठेच नव्हते. ते सांगण्याजोगे वाटले नाही. एका बाईच्या उशिराच्या हौसेसाठी गावाने रस्ता का राखावा?

सभागृहात खडू आणि फिनाईल यांचा तोच जुना वास होता. दुकानदार पुढे बसले होते. पालिकेच्या साहेबांनी दोन्ही बाजू मांडायला सांगितल्या. रिक्षावाले बोलले, शिक्षक बोलले, कमल बोलली आणि हशा झाला. मग गजू उठला. त्याने मोबाइल साहेबांच्या हातात दिला.

"साहेब, मी रोज शटर उघडतो, मले दिसते. पट्टा सायकलसाठी केला ना? पाहा. कोनी चालवतच नाई. सारे सायकल हातात धरून फिरून राह्यले. हा फोटो पाहा, हा पाहा. पायी फिरासाठी सरकारनं रंग लावला काय?"

साहेबांनी पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते बाहेरून बदलून आलेले होते. "खरंच की," ते म्हणाले, "सगळे उतरलेलेच दिसतात." मोबाइल हातोहात फिरू लागला. तो माझ्यापाशी आला तेव्हा मी माझी जांभळी सायकल ओळखली. माझी पाठ, माझा अंबाडा. शेजारी मफलर आणि काठी. दोघांच्या सावल्या लांब, दुकानांच्या पायऱ्यांवर चढलेल्या. फोटो सुंदर आला होता.

माझी चार वाक्ये नाहीशी झाली. मी उभी राहिले, ते मला खुर्ची सरकल्याच्या आवाजावरून कळले. आणि जे शब्द आले ते नागपूरचे नव्हते, ग्रंथालयाचे नव्हते.

"गजू, ह्या फोटोतले म्हातारे कोन हायेत, ते पाह्यलं काय तुनं?"

गजूने मोबाइल परत घेतला. बोटांनी फोटो मोठा केला.

"बाबा हायेत," तो म्हणाला.

"त्यांच्यासाठी उतरली मी. माह्या बाबासाठी ते उतरत होते. तू म्हनशीन तं उद्यापासून घंटी मारून पुढं जातो आमी सारे. मग चालवतानी दिसू फोटोत."

एवढेच. मी खाली बसले. कमलने तिचा जाड, खरखरीत हात माझ्या मांडीवर ठेवला होता. मागच्या बाकावरचे कोणी वृद्ध गृहस्थ शेजाऱ्याला सांगू लागले की आपणही अमक्या गुरुजींसाठी नाल्यापर्यंत उतरून जात होतो. शेजाऱ्याने दुसरे कोणाचे नाव घेतले. मग पुष्कळ जण एकदम बोलू लागले, आणि ती बैठक काही वेळ बैठक राहिली नाही.

गजू काही एकदम बदलला नाही. तसे होत नसते. "माहा आक्षेप हाये तो हाये," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी आमाले जागा पाह्यजे. बाकीचे दिवस राहू द्या पट्टा." साहेबांनी ते लिहून घेतले. आणि तसेच झाले. आता बाजाराच्या दिवशी हिरव्या रंगावर गाड्या उभ्या असतात. त्या दिवशी मी घरी राहते आणि टोपली धुऊन वाळत घालते.

बाहेर पडताना गजू माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला.

"ताई, मले भी वाटते उतरावं. पन मोटारीतून उतरून कसं चालावं? मांगचे हॉर्न देतेत."



परवाची सकाळ. कडुनिंबाला मोहोर आला आहे आणि त्याचा कडू-गोड वास पार दुकानांपर्यंत येतो. पट्ट्यावर ती बारीक पांढरी फुले सांडलेली. पुढे मफलर दिसला. मी उतरले आणि चालू लागले. बापूकाका सून, गुडघा, वीज असे सगळे बोलले. मग पीठगिरणी मागे पडल्यावर थांबले.

"गजूनं सांगितलं मले सारं," ते म्हणाले. "तू जा."

"राहू द्या काका. चालते ना मी."

त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने माझ्या सायकलच्या सीटवर थाप मारली.

तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ओल्या ढोलकीवर बोट पडावे तसा. मी म्हणाले, "काका, इथं ओटा नाही. मला सपाटीवरून चढता येत नाही."

"मी धरतो."

"तुम्ही?"

"दादाले भरवसा होता माह्यावर," ते म्हणाले. आणि काठी कोपरात अडकवून त्यांनी दोन्ही हातांनी कॅरिअर धरले. त्यांच्या हातांत जोर फारसा नव्हता. सायकल त्यांच्यामुळे उभी होती की माझ्यामुळे, ते सांगता येणार नाही. समोर गजूचे शटर अर्धे वर जाऊन थांबले होते. मी पाय पेडलवर ठेवला, दुसरा उचलला, आणि फुले चिरडल्याचा अगदी बारीक आवाज चाकाखाली सुरू झाला.

मागे वळून पाहिले नाही. तेवढी शिकलेली नाही मी. पण पांढरी रेघ माझ्या शेजारून धावत होती आणि खोबरेल तेलाचा वास येत होता. कोठून येत होता, कोण जाणे.

तहसीलच्या फाटकाशी पट्टा संपला तेथे उतरले. सायकल वळवून कडुनिंबाला टेकवली आणि उभी राहिले. बऱ्याच वेळाने काठीचा आवाज आला. बापूकाका जवळ आले, दम खाल्ला, आणि माझ्या केसांतले एक फूल बोटाने उडवले.

मग आम्ही परत निघालो. सायकल माझ्या हातात होती. आज कोण कोण भेटलं, ते काका सांगत होते.